जगप्रदक्षिणेच्या क्रूझची वेटलिस्ट : कुणाची कन्फर्म झाली आहे का?

गोदाकाठची
६ जुलै २०२५, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघं नाशिक रोडला, जेल रोडच्या बाजूला राहतो. मी शाळेतून निवृत्त. अहो ३६ वर्षं प्रेसमध्ये होते, म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस. देशभराचे पासपोर्ट तिथेच छापले जातात. लाखो लोकांच्या हातात पडणारी पुस्तिका यांच्या डोळ्यांखालून गेली, आणि यांचा स्वतःचा पहिला पासपोर्ट निघाला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मुलीकडे न्यू जर्सीला जायचं म्हणून! तेव्हापासून एकच ध्यास, एकदा पूर्ण पृथ्वीला फेरी मारायची.

एका कंपनीची १२८ रात्रींची सफर आहे. ४ जानेवारी २०२६ ला फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून निघून १२ मे ला तिथेच परत. आम्ही चौकशी करेपर्यंत आतल्या बिनखिडकीच्या केबिन संपल्या होत्या. आमचं नाव वेटलिस्टवर आहे. फोन करावा तर "लिस्टवर आहात" एवढंच उत्तर मिळतं, नंबरही सांगत नाहीत. भाडं माणशी १९ लाखांच्या आसपास. पीएफ आणि गावच्या जमिनीचा वाटा मिळून जमलंय, उधारी नाही.

अशी वेटलिस्ट सरकते का? सरकली तर कधी? आणि तोवर आम्ही काय करायचं?

तिरकस नाशिककर
६ जुलै, रात्री १०:०४

काकू, गंगापूर धरणावर बोट क्लब आहे. वेटिंग नाही, व्हिसा नाही, येताना मिसळ.

(दिवे घ्या, गंमत केली. विषय भारी आहे, वाचनखूण साठवली.)

पंचवटीपास
६ जुलै, रात्री १०:३१

मी पंचवटी एक्स्प्रेसचा जुना पासधारक, वेटिंग लिस्ट कोळून प्यायलोय. तत्त्व सगळीकडे तेच असणार. आधी जनरल कोटा हलतो, मग चार्ट लागायच्या आधी धडाधड कन्फर्म होतात. चार्टची वेळ विचारून घ्या. तोवर आरएसी तरी मिळेल.

कॅनडा कॉर्नर
७ जुलै, सकाळी ११:१५

ओळख : ट्रॅव्हलच्या धंद्यात वीस वर्षं, ऑफिस आयडीत लिहिलंय तिथेच, नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला. (नाही, कॅनडाचा व्हिसा शेजारी मिळत नाही. रोज एक जण विचारतो.)

पंचवटीपास, इथेच गल्लत होते. रेल्वेची वेटिंग ही रांग असते. पुढचा हलला की मागचा एक पाऊल पुढे. क्रूझची तशी नाही. ती म्हणजे लग्नाच्या स्थळांची वही समजा. जागा कुठली सुटली ते आधी बघतात आणि मग तिला कोण जुळतं ते शोधतात. बाल्कनीची केबिन सुटली आणि तुमचं नाव फक्त आतल्या केबिनसाठी असेल, तर तुम्ही पहिले असलात तरी फोन येणार नाही. दोघांची केबिन सुटली तर दोघं बघतात. त्यात जुने गिऱ्हाईक, म्हणजे त्या कंपनीच्या बोटींवर आधी राहिलेले, बऱ्याच ठिकाणी वर धरले जातात. म्हणून नंबर सांगत नाहीत. सांगून उपयोगच नसतो.

आरएसी तर विसराच. बोटीवर अर्धी खाट नसते.

काकू, आता तुमच्यासाठी. नाव एकाच वर्गात ठेवू नका. आतली, खिडकीची, आणि ज्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असल्यामुळे समुद्र अर्धाच दिसतो ती, अशा तिन्हींत टाका. ती अडलेल्या खिडकीची केबिन लोक नाकारतात आणि तीच आधी सुटते. बजेट किती ताणता येईल ते आजच घरात ठरवा, कारण फोन आल्यावर उत्तर द्यायला बहुधा एक-दोन दिवस मिळतात. तेवढ्यात जमिनीच्या वाट्याची चर्चा संपत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

एकाच सफरीसाठी दोन एजंटांकडून नाव टाकू नका. कंपनीच्या संगणकाला एकच माणूस दोनदा दिसला की एखादं नाव उडतं, आणि नेमकं चालू असलेलं उडतं.

दुसरी वाट तुकड्यांची. लांब सफर आधी अखंड विकतात, उरलं की तुकडे करतात. रॉयल कॅरिबियनची २७४ रात्रींची सफर होती, डिसेंबर २०२३ ते सप्टेंबर २०२४. तीसुद्धा तुकड्यांत मिळत होती. पहिला तुकडा घेऊन ठेवायचा आणि पुढच्यांसाठी वेटलिस्टवर राहायचं. धोका दोन प्रकारचा. मधेच केबिन बदलावी लागते, किंवा पुढचा तुकडा मिळतच नाही आणि सिडनीत उतरून विमानाने घरी.

गोदाकाठची
७ जुलै, दुपारी ३:४०

एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. तिन्ही वर्गांत नाव टाकायला सांगते आजच. अहो म्हणतात खिडकीसमोर लाइफबोट असली तर उलट बरं, वेळ आली तर लांब जायला नको.

थॉमसनवाला
७ जुलै, रात्री ८:२०

दिंडोरी तालुका. मला एक कळत नाही, या सगळ्या बोटी जानेवारीतच का निघतात? जानेवारी ते एप्रिल आमचा द्राक्षाचा माल निघतो. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोड्या बाराची छाटणी. द्राक्षवाल्याने जगप्रदक्षिणा करायचीच नाही का?

कॅनडा कॉर्नर
७ जुलै, रात्री ९:०२

थॉमसनवाला, या बोटींचं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः अमेरिका-युरोपातले निवृत्त लोक. त्यांना बर्फातून पळायचं असतं. आणि त्या महिन्यांत दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो. त्यांच्या हिवाळ्याने तुमच्या बागेचा विचार केलेला नाही.

डेक सात
८ जुलै, दुपारी १२:४८

मी यातून गेलेली आहे, म्हणून लिहिते.

२०२० च्या जानेवारीत साउदॅम्प्टनहून निघालो होतो, मी आणि माझी बहीण. वेटलिस्टवर आम्ही २०१९ चा जवळजवळ पूर्ण उन्हाळा होतो. फोन नाही, पत्र नाही. मी दर सोमवारी चौकशी करायचे. शेवटी तिथल्या बाईने प्रेमाने सांगितलं, "शेवटच्या हप्त्याची तारीख लक्षात ठेवा, बाकी सोमवार विसरा."

ती तारीख हीच खरी चावी आहे. सफर सुटायच्या काही महिने आधी पूर्ण पैसे भरायचे असतात. तोपर्यंत अनामत रक्कम बऱ्याचदा परत मिळते किंवा थोडीशीच जाते, म्हणून लोक हौसेने केबिन अडवून ठेवतात. काही तर दोन कंपन्यांच्या दोन सफरी धरून बसतात. तारीख जवळ आली की हिशेब करतात आणि एक सोडतात. त्या आठवड्याच्या आगेमागे सगळी हालचाल होते. आमचा फोन त्या तारखेनंतर चौथ्या दिवशी आला.

त्यानंतर दुसरी लाट असते, पण ती दुःखाची असते. या बोटींवर सत्तरी-ऐंशीचे प्रवासी खूप. कुणाचं ऑपरेशन निघतं, कुणाचा जोडीदार जातो. शेवटच्या महिन्यात सुटणाऱ्या केबिन बहुतेक अशा असतात.

आमचं पुढे काय झालं ते सांगायला नकोच, साल वाचून कळलं असेल. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात उतरवलं. २२ मार्चला भारतातली आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, आम्ही त्याच्या तीनच दिवस आधी मुंबईला पोहोचलो. अर्धी पृथ्वी बाकी आहे माझी अजून.

गोदाकाठची
८ जुलै, रात्री ९:१५

ताई, तुमचं वाचून दोघंही गप्प झालो. हे म्हणाले, "म्हणजे आपण कुणाच्या तरी गुडघ्याची वाट बघत बसायचं?" मला उत्तर सुचलं नाही.

आमची शेवटच्या हप्त्याची तारीख १५ सप्टेंबर आहे.

तिरकस नाशिककर
८ जुलै, रात्री ९:४४

१५ सप्टेंबर म्हणजे ऐन पितृपक्ष. काकू, नाशिकचा एकही माणूस त्या दिवशी पैसे भरणार नाही. स्पर्धा कमी!

थोडं गंभीर : २०२३ मध्ये तीन वर्षांच्या सफरीची जाहिरात झाली होती. लोकांनी घरं भाड्याने दिली, सामान विकलं, आणि नोव्हेंबरात कळलं की कंपनीकडे बोटच नाही. बोट आधीपासून फिरती आहे ना, एवढं बघा.

गोदाकाठची
९ जुलै, सकाळी ८:०५

बोट जुनी आहे, दरवर्षी फिरते. ते यांनी पहिल्याच दिवशी तपासलं. प्रेसचा माणूस, खरं-खोटं बघितल्याशिवाय सही करत नाही.

खातेवही
९ जुलै, दुपारी २:१०

सीए आहे. पैशांचं कोणीच बोलत नाही म्हणून मधे येतो.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने बिलासोबत आगाऊ घ्यायचा आयकर, लागतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी दर असा : पहिल्या १० लाखांपर्यंत ५ टक्के, त्यावर २० टक्के. ही मर्यादा पॅनमागे आहे, घरामागे नाही.

काकू, तुमचे दोघांचे ३८ लाख काकांच्या एकट्याच्या पॅनवर गेले तर १० लाखांवर ५० हजार आणि उरलेल्या २८ लाखांवर ५ लाख ६० हजार. एकूण ६ लाख १० हजार. तेच दोघांनी आपापल्या खात्यातून १९-१९ भरले तर प्रत्येकी ५० हजार अधिक १ लाख ८० हजार, म्हणजे दोघांचे ४ लाख ६० हजार. नुसती बिलं दोन नावांनी केली की दीड लाख कमी अडकतात.

अडकतात म्हणतोय, जात नाहीत. रिटर्नमध्ये तुमच्या करातून वजा होतात, जास्तीचे परत येतात. पण ते परत येईपर्यंत तुम्ही जग फिरून घरी आलेल्या असाल. तेवढी रक्कम बाजूला हवी. फोन आल्यावर बऱ्याच जणांचं इथेच फसतं. भाडं तयार असतं, टीसीएस आणि एजंटाचा जीएसटी लक्षात नसतो.

पंचवटीपास
९ जुलै, दुपारी २:३३

आणि टिप? बोटीवर रोजची टिप खात्यात लावतात म्हणे.

डेक सात
९ जुलै, दुपारी ४:०१

लावतात. कंपनीप्रमाणे कमीजास्त. काकू, माणशी रोज १७ डॉलर धरले तर १२८ दिवसांचे दोघांचे ४,३५२ डॉलर होतात. काही भाड्यांत ती आधीच धरलेली असते, विचारून घ्या. आम्हाला हे तिसऱ्या आठवड्यात कळलं होतं.

कॅनडा कॉर्नर
१० जुलै, सकाळी १०:५०

आता व्हिसा. माझ्या अनुभवात वेटलिस्ट कन्फर्म होऊनही घरी राहिलेले लोक पैशामुळे कमी राहिले, कागदांमुळे जास्त.

काकू, अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असेल तर अर्धी लढाई झाली, कारण निघायचंही तिथून आणि परतही तिथेच. नसता तर मी म्हटलं असतं, पुढच्या वर्षीचं बघा. पासपोर्टची मुदत कधीपर्यंत?

गोदाकाठची
१० जुलै, दुपारी १:२०

माझा २०२९. यांचा ऑगस्ट २०२६. पुष्कळ आहे ना?

कॅनडा कॉर्नर
१० जुलै, दुपारी १:२६

नाही पुरत! परतल्यानंतरही सहा महिने मुदत हवी असं धरून चाला. १२ मे अधिक सहा महिने म्हणजे नोव्हेंबर. काकांचा पासपोर्ट उद्याच नव्याने काढायला टाका, वेटलिस्टची वाट बघू नका. ३६ ऐवजी ६० पानांचा मागा. जुन्या पुस्तिकेतला अमेरिकेचा व्हिसा चालू राहतो, दोन्ही पुस्तिका बरोबर ठेवायच्या. फक्त जुनी परत घेताना व्हिसाच्या पानाला कात्री लागलेली नाही ना, ते खिडकीवरच बघा.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे अर्ज ऑनलाइन, पुस्तिकेवर शिक्का नाही. ते पुस्तिका अडकवत नाहीत. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला व्हिसा, मात्र अडकवतो. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंतच मागता येतो. तुमची बोट युरोपात एप्रिलच्या शेवटी लागणार, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटापासून अर्ज. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, कधी पंचेचाळीसही. एकदाच नाही, अनेकदा प्रवेशाचा मागा. बोट शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येते तेव्हा एक प्रवेशवाले बोटीवरच बसून राहतात, असं झालेलं आहे. किंवा त्यांना चढूच देत नाहीत.

पासपोर्ट एक आणि वकिलाती अनेक, म्हणून कुठला अर्ज कधी ते कॅलेंडरवर लिहून फ्रिजला लावा.

थॉमसनवाला
१० जुलै, रात्री ८:५०

प्रेसच्या माणसाने पासपोर्टसाठी रांगेत उभं राहायचं. देवा.

गोदाकाठची
१९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३५

मधे लिहायला जमलं नाही. यांचा नवीन पासपोर्ट आला, ६० पानी. पोस्टमन गेल्यावर तासभर हे खिडकीत उभे. पानं उलटून बघितली, उजेडासमोर धरली, शिलाईवरून बोट फिरवलं. मी विचारलं, नाव-जन्मतारीख बरोबर आहे ना? म्हणाले, "ते नंतर बघतो."

वेटलिस्ट जिथल्या तिथे.

झुळूक
२० ऑगस्ट, सकाळी ७:५५

एक शंका. आमची आई ७४ वर्षांची आहे. आम्हा दोघांच्या केबिनमध्ये तिसरी म्हणून तिला घ्यायचं आहे. खाट भिंतीतून खाली येते तशी आहे. तरी "जागा नाही" म्हणतात. खाट रिकामी असताना जागा कशी नाही?

डेक सात
२० ऑगस्ट, सकाळी १०:१२

लाइफबोटींमुळे. केबिनचा प्रत्येक विभाग ठरावीक लाइफबोटींशी बांधलेला असतो आणि माणसांची संख्या त्यापुढे नेता येत नाही. आसपासच्या केबिनमध्ये कुणी तिसरं-चौथं आधीच असेल तर तुमची खाट रिकामीच जाते. बोटीच्या दुसऱ्या भागातली केबिन चालेल असं कळवून बघा, कधी कधी जमतं. आणि बोट पहिल्यांदाच असेल तर आधी मुंबईहून दोन-तीन रात्रींची लहान सफर करून आईंना समुद्र सोसतो का ते बघा.

एकटं जाणाऱ्यांसाठीही सांगून ठेवते. एकट्याला बहुतेक वेळा दोघांचं भाडं पडतं, कधी संपूर्ण दुप्पट. माझी बहीण नसती तर मी गेलेच नसते.

तिरकस नाशिककर
२० ऑगस्ट, सकाळी १०:४०

अवांतर : प्रवाशांना घेऊन जगाला फेरी मारणारी पहिली क्रूझ १९२२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून निघाली, क्युनार्ड कंपनीची लॅकोनिया. सुमारे १३० दिवस. म्हणजे शंभर वर्षांनी बोटी वाढल्या, दिवस तेवढेच. पृथ्वी काही लहान झालेली नाही.

गोदाकाठची
१७ सप्टेंबर, पहाटे ५:२०

फोन आला.

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी. तिकडे दुपारचे पावणेचार. मी घाबरले, मुलीकडे काही झालं की काय. हे उठून बसले आणि फोन माझ्या हातून घेऊन "येस, येस, वन मिनिट" म्हणत चष्मा शोधत राहिले.

खिडकीची केबिन आहे. समोर लाइफबोट. भाडं आमच्या आकड्याच्या थोडं वर, आम्ही जुलैत जी शेवटची रेघ मारली होती तिच्या आत. उत्तर ४८ तासांत.

आता पेच असा. थोरल्या दिरांना पहाटेच कळवलं, तर ते म्हणतात पितृपक्षात एवढं मोठं काम करायचं नाही, सोमवारी घटस्थापना आहे तेव्हा भरा. ४८ तास संपतात शुक्रवारी.

कॅनडा कॉर्नर
१७ सप्टेंबर, सकाळी ९:०१

काकू, दिरांचा मान ठेवा, पण कंपनीकडे सोमवार नाही. मुदत वाढवून मागू शकता. मी मागून बघितलेलं आहे, क्वचित एक दिवस मिळतो. पितृपक्ष समजावून सांगायचा प्रयत्न एकदा केला होता, तो नको.

डेक सात
१७ सप्टेंबर, सकाळी ९:३०

अभिनंदन! बघा, तारखेच्या दुसऱ्या दिवशी. होय म्हणण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. केबिनचा नंबर, १२८ रात्री एकाच केबिनमध्ये आहात हे, आणि आजपासून रद्द केलं तर किती कापणार. शेवटच्या हप्त्यानंतर ही कपात पायरीपायरीने चढते आणि पुढे सगळेच जातात. प्रवास विम्यात जुने आजार आणि बोटीवरून दवाखान्यात न्यायचा खर्च धरलाय का तेही बघा.

खातेवही
१७ सप्टेंबर, सकाळी ९:४५

दोन पॅन. दोन खाती. दोन बिलं.

थॉमसनवाला
१७ सप्टेंबर, सकाळी १०:०५

काकू, पितर खूशच होतील. त्यांच्यापैकी कोण गेलं होतं पनामाला?

गोदाकाठची
१८ सप्टेंबर, रात्री ११:४८

भरले. दोन खात्यांतून.

दिरांना हे स्वतः जाऊन भेटून आले. काय बोलले माहीत नाही. येताना दोघं बरोबरच आले, चहा घेतला. दीर म्हणाले, तुळशीला पाणी मी घालीन, पण लाइट बिलाचं मला जमणार नाही.

बाकीच्या दोन वर्गांतून आमची नावं आजच काढायला सांगितली. कुणी वाट बघत असेल तर तेवढीच मदत. ज्यांच्या केबिनमध्ये आम्ही जाणार त्यांनी का सोडली ते मी विचारलं होतं. सांगत नाहीत.

पंचवटीपास
१९ सप्टेंबर, सकाळी ६:५२

गाडीतून लिहितोय. अभिनंदन काकू. मी चुकलो, रांग नव्हती. पण चार्ट होता, तेवढं तरी माना!

झुळूक
१९ सप्टेंबर, सकाळी ८:१०

अभिनंदन! गोडा मसाला, मेतकूट नेता येतं का? आणि छोटी किटली?

डेक सात
१९ सप्टेंबर, सकाळी ८:४४

केबिनमध्ये किटली, शेगडी, इस्त्री बहुतेक बोटींवर चालत नाही, चढतानाच काढून घेतात. पाकीटबंद कोरडं मेतकूट बोटीपुरतं ठीक. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला मात्र खायचं काही खाली उतरवू नका, मोठा दंड आहे. आणि काका-काकू, बोट सुएझ कालव्याऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने जाणार असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचं डॉक्टरांना आत्ताच विचारा. साठीनंतर ती सरसकट देत नाहीत. पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला नोव्हेंबरातच देऊन टाकावा.

गोदाकाठची
२१ सप्टेंबर, रात्री ९:०५

सगळं वहीत लिहून घेतलं. लशीचं उद्या विचारते.

आज दिवसवार कार्यक्रमपत्रिका आली. बोट पश्चिमेकडे जाणार, त्यामुळे तारीखरेषेवर एक दिवस गळतो. आमच्या पत्रिकेत ३० जानेवारीनंतर थेट १ फेब्रुवारी आहे. हे मघापासून कागद हातात घेऊन बसलेत. २०२१ ला ३१ जानेवारीलाच रिटायर झाले होते. दर वर्षी त्या दिवशी संध्याकाळी प्रेसच्या गेटपर्यंत चालत जाऊन येतात, कारण मी कधी विचारलं नाही.

आत्ता मला म्हणाले, "ही ३१ तारीखच नाही म्हणजे मी अजून नोकरीत आहे की काय?"

तिरकस नाशिककर
२१ सप्टेंबर, रात्री ९:११

काकांना सांगा, १ तारखेला पहिल्या पाळीला हजर.